डावीकडून क्षेपणास्त्र

मंडळी, आज धाकटे दीर उरवड्याहून ह्यांचा कॉम्प्युटर न्यायला आले. मीच बोलावलं होतं. हे गेल्यापासून तो नुसता धूळ खात होता.

चालतो का ते बघायला भावजींनी ह्यांचा आवडता खेळ लावला. अंतराळात यान चालवायचं आणि शत्रूचा मारा चुकवायचा. समोरून येणाऱ्या गोळ्या, लेझर ह्यांना दिसत. पण डाव्या डोळ्याची नजर गेल्यापासून त्या बाजूने पाठलाग करत येणारं क्षेपणास्त्र दिसत नसे. म्हणून मी रोज डावीकडे स्टूल घेऊन बसायचे आणि ते आलं की सांगायचे. मला स्वतःला हा खेळ येत नाही.

आजही नकळत तिथेच बसले. "डावीकडून क्षेपणास्त्र. वर घ्या."

"दिसतंय की मला, वैनी," म्हणत भावजींनी ते सहज चुकवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "गप का बसला? दादाला तर लई वरडायच्या तुमी."

"तुम्हाला दिसतंय ना. मग कशाला सांगू?"

कॉम्प्युटर गेला. स्टूल अजून तिथेच आहे.

इतकी वर्षं दुसऱ्यासाठी बघायची सवय लागली, की ते माणूस गेल्यावर काय बघायचं? कोणाला ठाऊक असेल तर सांगा. सांत्वन नको.