खालचा अर्धा फळा

घाटंजीत बाजाराच्या रस्त्यावर एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाबाहेर काळा फळा असायचा. दुकानदार बौद्ध, साठी ओलांडलेले. दर बाजाराच्या सकाळी ते फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात सरकारविरुद्ध दोन-चार ओळी लिहीत. खालचा अर्धा भाग कोरा ठेवत. तो उत्तर देणाऱ्याचा. खडूही तिथेच ठेवलेला असे.

उत्तर बहुतेक वेळा एकाच माणसाचं असे. जवळच्या तांड्यावरचे बंजारा शेतकरी, दुकानदारांच्याच वयाचे, सत्ताधारी पक्षाचे जुने कार्यकर्ते. मी तेव्हा तालुक्याचा बातमीदार होतो. बाजाराच्या दिवशी आधी तिथे जात असे.

"काहून बे, आज रस्त्यावर घसरला काय?" कार्यकर्ते फळा वाचून विचारत.

"रस्ता असता तं घसरलो असतो. तुह्या सरकारच्या खड्ड्यात पडलो."

"थांब, तुले उत्तर देतो."

"दे. पण माह्या ओळीले हात लावू नको."

हात कधी लागला नाही. कार्यकर्ते चिडले की गोरबोलीत, आपल्या बंजारा बोलीत, शिव्या देत. दुकानदारांना त्या समजत, पण ते समजल्याचं दाखवत नसत. मग दोघांचा चहा येई.

एकदा नळाच्या पाण्याबद्दलच्या ओळींचा फोटो कुणीतरी वर पाठवला. शिपाई आले, फळ्याची परवानगी विचारली. ती कधीच नव्हती. फळा जप्त झाला आणि दुकानदारांना संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फळा मागायला कार्यकर्ते स्वतः ठाण्यात गेले. मी सोबत होतो.

"फळा तुमच्याच विरोधात होता ना?" ठाणेदार साहेबांनी विचारलं.

"म्हणूनच मांगून राह्यलो, साहेब. लोक म्हणतील, यायच्याजवळ उत्तरच नव्हतं."

फळा पुसून मिळाला, पण बाहेर लावायचा नाही या अटीवर. आता तो दुकानात, टांगलेल्या टायरांच्या मागे आहे. दुकानदारांनी त्यावर पुन्हा लिहिलं नाही.

मी यवतमाळला राहतो. अजूनही एखाद्या बाजाराला एसटीने जातो. मागच्या खेपेला कार्यकर्ते तिथे होते. त्यांनी टायर बाजूला केले आणि फळ्याच्या खालच्या भागात नळयोजनेवर चार ओळी लिहिल्या.

"आता वरचं तू लिही. नाही तं हे कशाचं उत्तर आहे, कोनाले समजन?"

"आधी परवानगी आन," दुकानदार ट्यूब घासत म्हणाले.

ट्यूब घासून झाल्यावर दुकानदार उठले, ओलं फडकं घेतलं आणि फळ्याचा वरचा भाग पुसू लागले. तो आधीच स्वच्छ होता.