वकीलबाईंचा हळू आवाज

खासगी काही सांगायचं असलं की आमच्या वकीलबाई तोंडावर फाईल आडवी धरत आणि म्हणत, "हे आपल्यातच." तेवढं रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू जाई. टपरीवाले मामा तिथूनच हात वर करत, "न्हाई सांगत कोनाला, बाई."

श्रीरामपूरच्या कोर्टासमोर त्यांचं ऑफिस होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वकिलीची सनद हातात होती, पण शहरात ओळख कुणाशी नव्हती. बाईंनी मला खुर्ची दिली, माझ्या गुणपत्रिका बाजूला सारल्या आणि विचारलं, "ते राहू दे. शाळेत तू कशात पहिली होतीस?"

मी गोंधळून खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

हा प्रश्न त्या प्रत्येक बाईला विचारत. रडत आलेली बाईसुद्धा उत्तर देताना जरा ताठ बसते, हे तुम्ही तिथे असता तर तुम्हीही पाहिलं असतं.

एकदा नेवाशाकडच्या खेड्यातून एक तरुण बाई आली. "दातांच्या डॉक्टरकडं जाते म्हनून निघाले. परत हितं यायला जमनार न्हाई." तिला लहान मुलीला घेऊन वेगळं राहायचं होतं आणि पोटगी हवी होती. अर्जाचा मसुदा तिने वाचून होकार दिला की आम्ही तो दाखल करणार होतो. त्याआधी सासरी कळलं तर मुलीला तिच्या आत्याकडे नेऊन ठेवतील, ही तिला धास्ती होती.

मसुदा मेलने पाठवायचं ठरलं. पण तिचं मेल खातं दिराने उघडून दिलेलं, आणि फोन घरभर फिरणारा.

मी बरंच वाचून बाईंना एकेक पर्याय समजावला. फोनवर ओटीपीचे आकडे येतात ती पद्धत घ्यावी, तर आकडे दिराच्याच हातात पडणार. दोन्हीकडे ॲप घालून मजकूर उघडायच्या गुप्त किल्ल्या जुळवायच्या, तर नवं ॲप दिसताच घरात चौकशी होणार. उरला कुलूपबंद मेल. समोरच्याला नुसती लिंक जाते, पासवर्ड घातल्यावरच मजकूर उघडतो.

"मग पासवर्ड मी तिला फोनवर हळूच सांगते," बाई म्हणाल्या.

टपरीवरून मामा बोलले, "बाई, तुमी नका सांगू."

मेलवर खूण म्हणून एक प्रश्न लिहायची सोय होती, त्याचं उत्तर हाच पासवर्ड. मुलीचं जन्मगाव विचारू या, असं मी सुचवलं.

"ते दिराला माहीत असणार. त्यांनी तिला कधी विचारलंच नसेल असं काहीतरी पाहिजे." बाई फाईल धरायचंही विसरल्या. "अगं, त्यांनी तिला तिच्याबद्दल काहीच विचारलं नसेल."

मेलचा विषय लिहिला, शिवणक्लास. खूण लिहिली, शाळेत कशात पहिली?

दुसऱ्या दिवशी तिचा होकार आला. अर्ज दाखल झाला, मुलगी तिच्याजवळच राहिली. पुढे तारखेला आली तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"दीर लई वेळ बसले हुते. आमच्या लग्नाची तारीख घातली, ह्यांचं नाव घातलं. मग ह्यांनाच विचारलं, वहिनी कशात पयली हुती रं? तर हे म्हनले, ती शाळंत गेल्ती व्हय?"

"मग?"

"मग कंटाळून फोन टाकला माझ्याकडं. मी बसले मोरीत आन् घातलं गोळाफेक."

बाई इतक्या हसल्या की कोर्टाच्या शिपायाने बाहेर येऊन पाहिलं.

गुडघे थकल्यावर बाई पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या. उरलेल्या केसेस माझ्या हवाली केल्या. त्यांचे कागद मेलने आले, कुलूपबंद. खूण तीच, शाळेत कशात पहिली?

पहिल्या दिवसानंतर त्यांनी मला ते कधी पुन्हा विचारलं नव्हतं. त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मी उत्तर टाईप करू लागले. तेवढ्यात फोन वाजला.

"उघडलं का? हे आपल्यातच हं. लंगडी टाक, लंगडी."

फोन मी कानापासून लांब धरला, तोवर उशीर झाला होता. मामा चहा घेऊन दारात उभे. "वकीलताई, लंगडीत पयल्या हुता व्हय तुमी?"

बाहेर फुटलेला पासवर्ड पुन्हा वापरायचा नसतो, हे मीच बाईंना शिकवलं होतं. तरी त्यांना उत्तर मी त्याच कुलपात घालून पाठवलं. आत एवढंच होतं, पोचलं, बाई.