आत फक्त एकच

तुमच्याकडं बाळंतपणात बाईसोबत आत कोण जातं हो? आई, सासू, का नवरा? का कुणीच नाही?

मी विचारते, कारण आत जाणं हेच माझं काम आहे. मी नर्स नाही, सुईणही नाही. इंजेक्शन देत नाही, बाळ काढत नाही. सातव्या महिन्यात पोरीशी ओळख करून घेते, कळा सुरू झाल्या की दवाखान्यात तिच्याजवळ थांबते आणि ती घरी गेली की महिनाभर अधूनमधून डोकावते. पुण्यात मी ट्रेनिंग घेतलं, तिथं ह्याला डूला म्हणतात. सांगलीत आमच्याकडं सोबतीण म्हणतात. माधवनगरला आमच्या घरी मात्र अजून, "ती दवाखान्यात जाऊन बसते," एवढंच सांगतात.

बसून बसून किस्से साठतात. बाळंतविड्यात येणाऱ्या झबल्या-टोपड्यांसारखे. घर भरून जातं, पण टाकवत एकही नाही.

आमच्या दवाखान्याचा नियम साधा आहे. बाळंत होणाऱ्या बाईजवळ आत फक्त एकच माणूस. डॉक्टर मॅडमनी तो एक माणूस व्हायची मला परवानगी दिली, पण पोरीनं स्वतः माझं नाव घेतलं तरच. आणि तीही वर्षाच्या बोलीवर.

"एका घरची जरी तक्रार आली ना ताई, तरी दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बाहेर," मॅडम म्हणाल्या.

दहावी झालेल्या बाईच्या गळ्यात पहिल्यांदाच फोटोचं ओळखपत्र आलं होतं. ते जाऊ नये म्हणून पुढचं वर्षभर मी किती जपून वागले, ते माझं मला माहीत!

*

सुरुवातीला मी ट्रेनिंगमधलं सगळं जसंच्या तसं वापरायची. हळू, गोड आवाजात बोलायचं, डोळे मिटायला सांगायचे, छान काहीतरी डोळ्यांपुढं आणायला सांगायचं.

ऐश्वर्या नावाची एक पोरगी होती. बँकेत कामाला, बोलायला फटकळ. कळा जोरात सुरू होत्या. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "अशी कल्पना कर बाळा, की एक कमळाचं फूल हळूहळू उमलतंय."

तिनं एक डोळा उघडला.

"काकी, तळ्यातलं कमळ तुम्ही कधी असं ओरडताना ऐकलंय का?"

"नाही गं."

"मग ते राहू द्या आणि कंबर दाबा."

त्यानंतर मी कुणालाही फूल सांगितलं नाही. कंबर मात्र आता अशी दाबते, की लोक घरी बोलावतात.

*

उंब्रजचे एक जावई एसटीत कंडक्टर आहेत. बायकोचं नाव पल्लवी. आठव्या महिन्यात मी त्यांना सांगून ठेवलं होतं, "कळ कधी आली आणि कधी गेली, वेळ लिहून ठेवत जा. दवाखान्यात उपयोग होतो."

त्या दिवशी दोघं आले ते वही घेऊनच. पट्टीनं रेघा मारून रकाने पाडलेले. सुटली, पोचली, उशीर, शेरा. सात दहाला सुटली, सात अकराला पोचली. पुढची सात बावीसला अपेक्षित, प्रत्यक्षात सात सव्वीस. शेरा काय, तर 'मार्गात विलंब'.

पल्लवी भिंतीला धरून उभी होती. दात आवळून म्हणाली, "अहो, कळ आहे ती. कराड-चिपळूण गाडी नाही."

वहीतून मान वर न करता ते म्हणाले, "चिपळूण घाटात अडकते. ही चारच मिनिटं लेट आहे."

मॅडमनी वही हातात घेऊन सगळी वाचली. म्हणाल्या, "एवढं नीट आमच्याकडंसुद्धा कुणी लिहीत नाही."

जावयांनी लगेच पेन पुढं केलं. खाली सही घेतल्याशिवाय वही परत घेतली नाही.

*

माधवनगरच्याच एका घरची गंमत. पोरीची आई आणि सासू, दोघींनाही आत यायचं होतं. पोरीनं नाव घेतलं माझं. दोघींनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं, आज ओळखपत्र गेलं.

बाहेर बाक एकच. दोघी त्याच्या दोन टोकांना बसल्या. मधल्या जागेत पिशव्यांची भिंत.

आतून पोरगी मला सांगते, "काकू, जरा बघून या हो. भांडत नाहीत ना?"

पहिल्या खेपेला गेले, तर दोघी गप्प. दुसऱ्या खेपेला पिशव्या खाली. तिसऱ्या खेपेला दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. लग्नात मानपानावरून रुसलेल्या एका नणंदबाईचा विषय निघाला होता आणि तिच्याविषयी दोघींचं मत तंतोतंत जुळलं होतं.

दुपारी मुलगा झाला. सिस्टर बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आल्या. "आजी कोण? या, बघा."

सासूबाईंनी हातानंच थांबवलं. "एक मिनिट हं सिस्टर. ह्यांचं एवढं सांगून होऊ दे."

*

रुखसानाचे अब्बा गाद्या भरतात. मिरजेच्या रस्त्याला दुकान आहे. सगळे त्यांना गादीवाले चाचा म्हणतात. लेकीला दवाखाना दाखवायला म्हणून नवव्या महिन्यात आले आणि सगळ्यात आधी कॉट हातानं दाबून बघितली.

"ही गादी न्हाई," ते मला म्हणाले. "कॉट झाकायला टाकलेलं कापड हाय. ह्याच्यावर माझी पोरगी झोपणार न्हाई."

मी घाबरले. हीच पहिली तक्रार म्हणायची का? म्हणून पटकन सांगितलं, "चाचा, कळा येताना झोपून राहायचंच नसतं. गुडघ्यावर बसून पुढं रेलायचं असतं. त्याला लांब, टणक उशी लागते. तशी आमच्याकडं नाही."

चाचांनी मला विचारून विचारून माप घेतलं. लांबी किती, गोल का चपटी, वजन कुठं पडणार. आठ दिवसांनी उशी आली. मी आजवर तशी उशी बघितली नव्हती. कळांच्या दिवशी रुखसाना दिवसभर तिला मिठी मारून होती.

संध्याकाळी मुलगी झाली. मी बाहेर आले. चाचा दारातच उभे होते, डोळे लाल झालेले.

"कापूस बसला न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही बसला."

"अल्हमदुलिल्लाह," म्हणाले आणि मग खुर्ची शोधून बसले. लेकीचं आणि नातीचं विचारायला त्यांना आणखी दोन मिनिटं लागली.

*

तक्रार शेवटी आलीच. ती आली विट्याकडच्या एका वाडीतून.

मे महिना, पत्र्याचं घर. बाळंतिणीच्या कानाला स्कार्फ, अंगात स्वेटर, कॉटखाली शेगडी. बाळाच्या अंगावर तीन कपडे आणि डोक्याला दोन टोपडी. पणजीबाई राखणीला बसलेल्या.

मी हळूच म्हटलं, "आजी, बाळाला उकडतंय."

"त्यानं सांगितलं का तुला?"

"नाही, पण अंग बघा की, लाल झालंय."

"आमच्यात लालच असत्यात पोरं."

आजी पाणी प्यायला उठल्या, तेवढ्यात मी एक टोपडं काढलं आणि शेगडी बाहेर नेऊन ठेवली. संध्याकाळी आजींनी नातवाला मॅडमना फोन लावायला लावला. "तुमची बाई बाळाला वारं घालती!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या मोबाईलवर त्या नातवानं पाठवलेला बाळाचा फोटो होता, अंग घामोळ्यांनी भरलेलं.

"ही तक्रार मी धरत नाही," त्या म्हणाल्या. "पण पुढची आली तर धरणार. ह्या वेळेस वाचलात."

*

पुढच्याच महिन्यात बायडाबाई आल्या.

वडूजच्या पलीकडच्या गावातलं मेंढरं राखणारं घर. सून मनीषा, पहिलटकरीण. तिचा नवरा फौजेत, फोनवरूनच विचारपूस करणारा. मनीषाला आई नाही, म्हणून सासूच तिला आमच्याकडं घेऊन आली. सासूचं वय सत्तरच्या आसपास. काठीसारखी ताठ बाई.

मनीषानं माझं नाव घेतलं. बायडाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू काय करतीस?"

"सोबत थांबते."

"आनि?"

"कंबर दाबते, पाणी देते, धीर देते."

"मी चार लेकरं काढली मेंढरामागं चालता चालता," त्या म्हणाल्या. "नाळ माझी मी कापली. दुसऱ्या दिशी पुढच्या मुक्कामाला. मेंढी व्याती तवा एकटीच बाजूला जाती. तिच्यामागं कोन ओळखपत्र घालून हिंडत न्हाई."

मी आत गेले.

दाराला वर गोल काच आहे. मी जेव्हा जेव्हा वळून बघितलं, तेव्हा तेव्हा त्या काचेत बायडाबाईंचा चेहरा. अकरा वाजता तिथंच, दोन वाजता तिथंच. मी दार उघडून म्हटलं, "आवं आजी, बाकावर बसा की वाईच."

"मी हुबी बरी हाय," त्या म्हणाल्या. "तू तुजं बघ. न्हाईतर उद्या सकाळी डॉक्टरीणबाईला भेटूनच जानार हाय मी."

मी दार लावून घेतलं. मनीषाला काही कळू दिलं नाही.

मनीषा शहाण्यासारखी होती. ओरडली कमी, माझं मनगट मात्र असं धरलं की बांगड्या वाकल्या. पाच वाजता मुलगी झाली. सगळं नीट झालं. बायडाबाईंना आत घेतलं. त्यांनी नात हातात घेतली, उजेडाला धरली, म्हणाल्या, "नाक बापाचं हाय." मग माझ्यासमोरच सुनेला विचारलं, "हिनं काय केलं गं आत?"

मनीषा दमली होती. माझ्याकडं बघून हसली.

"काय न्हाई," ती म्हणाली. "हुती."

"हुती?"

"व्हय. हुती."

बायडाबाईंनी नातीला सुनेच्या कुशीत ठेवलं. मी पाण्याची बाटली भरून ठेवली, चादर बदलली, निघाले. दारात त्यांनी मला गाठलं.

"सकाळी डॉक्टरीण कवा येती?"

"नऊला," मी म्हटलं. खोटं सांगायचं मनात आलं होतं, पण सांगवलं नाही.

घरी येऊन ओळखपत्र खुंटीला अडकवलं. मिस्टरांना म्हटलं, "उद्या हे परत द्यावं लागणार बहुतेक."

ते म्हणाले, "मग येताना मेथी आण."

सकाळी पावणेनऊला पोचले, तर काउंटरपुढं पहिल्या नंबरला बायडाबाई उभ्या. डोक्यावरचा पदर नीट, हातात कापडी पिशवी. मी मागं थांबले. काउंटरवर केसपेपर काढायला स्वाती होती.

"आजी, सुनेची फाईल आहे आमच्याकडं. नवा केसपेपर लागत नाही."

"माजा काढ," बायडाबाई म्हणाल्या. "बायडाबाई. वय घाल अदमासे सत्तर."

"काय त्रास होतोय?"

"धाकट्याच्या बाळंतपनापास्नं हाय. आतच सांगीन."

"बरं. पण आत एकालाच सोडतात हं. तुमच्यासोबत कोण?"

बायडाबाईंनी वळून बघितलं आणि माझ्याकडं बोट केलं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही दोघी आत गेलो.