आश्रुबा मिस्त्रीचं गाळलेलं तेल

वालूरच्या बसथांब्याजवळ आश्रुबा मिस्त्रीची टपरी होती. दुरुस्तीचे पैसे तो बेताचे घ्यायचा, दुरुस्तीच्या आधीच्या शिव्या मात्र फुकट. विहिरीवरची इंजनं घेऊन लोक यायचे आणि हा कमरेवर हात ठेवून विचारायचा, "तेल कधी बदललं व्हतं?" शेतकरी म्हणायचा, "पोळ्याला." की हा कडाडलाच, "कोन्त्या पोळ्याला? तुज्या आज्याच्या?"

पण हात असा, की बोलणी खाऊनही लोक त्याच्याकडेच यायचे. त्याची पद्धत सगळ्या मिस्त्र्यांपेक्षा वेगळी. जुन्या धोतराचा पांढरा तुकडा पातेल्यावर ताणून बांधायचा, इंजनातलं तेल काढून त्यातून गाळायचं आणि कापडावर जे उरेल ते बोटानं चोळून बघायचं. काळं मऊ पीठ उरलं तर साधी झीज. तांबूस चमक दिसली तर बेअरिंग गेलं म्हणून समजा. न उघडता इंजनाच्या पोटातलं तो सांगायचा, आणि ते खरं निघायचं.

मग गावात रीतच पडली. नवी गाडी आली की मालकानं पूजा करायची आणि आश्रुबानं गाडीखाली शिरून तेल काढायचं. आश्रुबा बौद्ध, नारळ-उदबत्तीच्या भानगडीत तो पडायचा नाही. "देवाचं तुमी बघा, तेलाचं मी बघतो," म्हणायचा. तेल गाळून, परत भरून तो "निर्मळ हाय" म्हणाला की मगच गाडी रस्त्याला लागायची.

एकोणनव्वदच्या दसऱ्याला बन्सीधरनं नवी कोरी पिकअप आणली. शेतातली मेथी आणि वांगी परभणीच्या बाजारात न्यायला बैलगाडी पुरेना, म्हणून घेतलेली. गडी इतका हरखला होता की जेवायलासुद्धा गाडीतच बसायचा. पूजेच्या दिवशी त्यानं गाडीला झेंडूची तोरणं बांधली, वर बेगडाच्या चमचमत्या माळा सोडल्या. त्याची आई धुरपताबाई मुठी भरभरून हळद-कुंकू उधळत होती. खाली आश्रुबानं तेलाच्या नटावरचं कंपनीचं शिशाचं सील पक्कडीनं तोडलं आणि तेल काढून गाळलं. कापडावर चार-पाच बारीक चमकदार वेटोळी उरली. त्यानं मान वर केली. माळेतलं बेगड वाऱ्यानं भुरभुरत होतं.

"बेगड पडलं," तो पुटपुटला आणि मोठ्यानं म्हणाला, "निर्मळ हाय!"

त्या कापडावर कुंकू सांडलं होतं. कुंकवाचं कापड फेकायचं कसं? धुरपताबाईनं त्याची घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिली.

चार महिने गाडी झकास पळाली. माघात एके दिवशी पेडगावच्या अलीकडं तिनं खडखड केलं, भसकन धूर सोडला आणि इंजन जाम झालं ते झालंच. पेडगावच्या दत्तरावानं बैलजोडी जुंपून गाडी ओढत वालूरला आणली. पिकअप मागं, बैल पुढं! पोरं हसून बेजार, आणि बन्सीधर रडकुंडीला आलेला.

आठवड्यानं कंपनीचा साहेब आला. गाडीखाली वाकला आणि उठून त्यानं पहिला प्रश्न केला, "सील कुणी तोडलं?"

साऱ्या नजरा आश्रुबाकडं वळल्या. साहेब म्हणाला, "गावठी मिस्त्रीनं नवं इंजन उघडलं, घाण आत गेली. गॅरंटी संपली. परवा येतो, तसं लिहून आणतो, सही करा."

आश्रुबाच्या तोंडून एक शिवी निघाली नाही. लोक त्याला घाबरले ते तेव्हा. संध्याकाळपर्यंत दोघांनी आपापली इंजनं टपरीतून उचलली आणि सेलूला नेली. मिस्त्रीनं कोऱ्या गाडीत घाण घातली, हे गावभर झालं. हातातलं काम गेलं असतं तर त्यानं सोसलं असतं. नाव गेलं तर त्याच्याजवळ दुसरं होतंच काय?

दुसऱ्या दिवशी त्यानं जाम झालेल्या इंजनातलं तेल काढून गाळलं. कापडावर काळा चिखल, त्यात तांबूस पीठ आणि मधेमधे तीच चमकदार वेटोळी. बायको चांगुणाबाई भाकरी घेऊन आली होती, तीही वाकून बघायला लागली.

"ह्या दोन येगळ्या जिनसा हायेत," ती म्हणाली. "हे पीठ हाय आन् ह्यो कीस. कीस काय आपोआप पडतोय व्हय? किसणी लागते त्याला."

आश्रुबानं कपाळावर हात मारून घेतला. अगं माय! इंजन झिजलं तर पीठ पडतं. असा गुंडाळलेला कीस पडतो तो लोखंडाला भोक पाडताना, आणि भोक पाडतात कारखान्यात. तिथंच कीस आत राहिला, तेलाच्या वाटेत अडकला आणि इंजन कोरडं पडून जळालं. पण साहेब म्हणणार, हा कीसही तूच घातलास. आणि मग त्याला दसऱ्याचं ते बेगड आठवलं.

तो तसाच धुरपताबाईच्या दारात गेला. तिनं देव्हाऱ्यातली घडी काढून दिली. खिशातलं, बंद पडलेल्या रेडिओतून काढलेलं चुंबक त्यानं कापडावरून फिरवलं. बेगड चुंबकाला कधी चिकटत नाही. ही पाचही वेटोळी टपाटप चिकटली.

घरी येऊन त्यानं ते कापड बायकोपुढं उलगडलं. चांगुणाबाईनं विचारलं, "म्हंजे पयल्याच दिशी दिसलं व्हतं तुमाला?"

"व्हय."

"आन् निर्मळ हाय म्हनलात?"

"व्हय गं बाई, व्हय! हे कापड दाखवलं तर कंपनीची चूक कळंल, पर माजीबी कळंल की."

"मग कळू द्या. मानसान्ला शिव्या द्यायला तोंड हाय, सोताची चूक सांगायला न्हाई व्हय?"

ठरल्याप्रमाणं तिसऱ्या दिवशी साहेब आला. अख्खं गाव बसथांब्यावर जमलेलं. आश्रुबानं दोन्ही कापडं बोनेटवर पसरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंडळी, चूक माजी हाय. दसऱ्यालाच ह्यो कीस माज्या डोळ्यापुढं आलता. मी त्याला माळेचं बेगड समजलो आन् गाडी निर्मळ हाय म्हनलो. माजा शब्द खोटा निघाला. पर साहेब, कीस तुमचा हाय."

साहेबानं पहिलं कापड उचलून उजेडात धरलं. त्यावरचा तेलाचा डाग मधासारखा पिवळा होता. वापरलेल्या इंजनाचं तेल असं नसतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो हळूच म्हणाला, "ह्याच महिन्यात अशा आणखी तीन गाड्या बसल्यात." त्यानं आणलेला कागद फाडून टाकला आणि कापड बॅगेत घालायला लागला, तशी धुरपताबाई आडवी आली. "देवापुढचं हाय ते! सगळं न्हाई मिळायचं. अर्धं न्या." शेवटी फाडून अर्धं दिलं, तेव्हा कुठं साहेबाची सुटका झाली.

दीड महिन्यानं बन्सीधरला कंपनीचं पत्र आलं. त्या हंगामात बनलेल्या सगळ्या गाड्या कंपनीनं परत बोलावल्या होत्या, प्रत्येकीचं इंजन बदलून मिळणार होतं. गावाला हे नवलच. "इकलेली चीज कंपनी माघारी बोलावती? सोयरीक मोडायलीय का काय!" आश्रुबानं पत्र दोनदा वाचून घेतलं. त्यात त्याचं नाव कुठंच नव्हतं. तो म्हणाला, "नसंना का," पण त्याला लागलं होतं.

बन्सीधर परभणीहून नवं इंजन बसवून आला, तो थेट टपरीपुढं थांबला. "मिस्त्री, जरा मागून बघा," म्हणाला. मागच्या फळीवर पेंटरनं नव्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : तेल तपासणार, आश्रुबा मिस्त्री, वालूर.

नामांतराच्या दंग्यात, अठ्ठ्याहत्तर साली, आश्रुबा दुसऱ्या एका गावी धंदा करायचा. तिथं त्याच्या दुकानाची पाटी लोकांनी उपटून जाळली होती. वालूरला येऊन बारा वर्षं झाली, पण त्यानं पुन्हा कधी पाटी लावली नव्हती.

त्यानं काळ्या हातानं डोळे पुसले, तोंड सारं काळं झालं, आणि तो बन्सीधरवर ओरडला, "माज्या नावावर चिखल उडू दिलास तर बघ! रोज धुवून आनायची गाडी!"