खोली हवी? आधी गाव सांगा

पाहुण्यांना घर भाड्यानं देणाऱ्याकडं दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. एकाच्या चादरी धुवून वाळत घालेपर्यंत दुसऱ्याचा किस्सा तयार असतो. जुळे सोलापुरात माझा एक रिकामा फ्लॅट आहे. तो मी दोन-चार दिवसांसाठी देतो आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला हॉटेल व्यवसायातला समजतो. बायको समजत नाही, पण ते असो.

आमच्यासारख्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. नाव 'खोलीवाले'. तिथं बारमाही वाद एकच: बुकिंग ॲपवरून घ्यायचं की सरळ फोनवरून? ॲपवर कुठकुठलं गिऱ्हाईक येतं, पण कमिशन जातं आणि वर रेटिंगचा धाक. फोनवर कमिशन नाही, धाक नाही, पण मुळात फोन यायला हवा ना!

या ग्रुपचं भूषण म्हणजे अक्कलकोटचे मल्लिनाथ अण्णा. गणिताचे रिटायर्ड मास्तर. स्वामींच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी घरातल्या चार खोल्या देतात. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगा महेश पुण्यात, आयटीत. तो मेसेज करतो, फोन क्वचित. गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्यानं घर ॲपवर टाकायला लावलं आणि बजावून गेला, "गुढीपाडव्यापर्यंत खोल्या भरून दाखवा. नाहीतर घर हॉटेलवाल्याला लीजवर देऊ आणि तुम्ही पुण्याला चला."

अण्णांना पुण्याला जायचं नव्हतं. मला म्हणाले, "तितं लिफ्टमधी माणसं एकमेकाच्या बुटाकडं बघत उभारतात. मी बोलू कुणाशी?" मला खरंच वाईट वाटलं. त्या दिवसापासून अण्णांच्या चार खोल्या ही आमच्या सगळ्या ग्रुपची काळजी झाली.

* * *

अण्णांची फोनवर बुकिंग घ्यायची रीत अशी:

"हॅलो, रूम मिळेल का?"

"गाव कुठलं?"

"नाशिक."

"नाशकात कुटं? आणि गुडघे कुणाचे दुखतात?"

कारण तळमजल्यावर खोली एकच. ती दुखऱ्या गुडघ्यांसाठी राखीव. मग जेवणात साखर चालते का, घोरतं कोण, अशी दहा मिनिटं चौकशी चालते. भाड्याचा विषय शेवटी, तोही समोरच्यानंच काढायचा. मोबाईलमध्ये नावं सेव्ह केलेली असतात ती 'नाशिक दोन गुडघे', 'लातूर बिनसाखर' अशी.

ॲपवर यातलं काहीच विचारता येत नाही. पहिलं बुकिंग आलं तेव्हा अण्णा दिवसभर अस्वस्थ होते. "गाव म्हाईत न्हाय, माणूस म्हाईत न्हाय, आणि म्हणे कन्फर्म. मास्तर, असं तर लग्नसुद्धा ठरत न्हाय." मी मास्तर नाही. मास्तर ते स्वतःच. पण खुशीत नसले की अण्णा सगळ्यांना मास्तर म्हणतात.

* * *

ॲपचा फॉर्म अण्णांनी स्वतः भरला होता. त्यात एक प्रश्न होता, एकूण किती माणसांची सोय होईल? अण्णांनी लिहिलं, पासष्ट.

मला हे कळलं तेव्हा अक्कलकोटला बेचाळीस माणसांची बस येऊन उभी होती. मी फोनवर ओरडलोच, "अण्णा, चार खोल्यांत पासष्ट?"

"वास्तुशांतीला पासष्ट पानं उठली होती. मी सोता मोजलीत."

आमच्याकडं घराचं माप पंगतीवरूनच ठरतं, त्यात अण्णांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. फक्त ॲपवाल्यांना झोपणारी माणसं हवी होती आणि अण्णांनी जेवणारी दिली.

पण दिलेला शब्द अण्णा फिरवत नाहीत. त्यांनी सगळी गल्ली कामाला लावली. समोरच्यांचा हॉल घेतला, शेजारची गच्ची घेतली, कुणाकुणाकडून सतरंज्या आणल्या. बेचाळीस माणसं झोपली. सकाळी निघताना त्यातल्या बायकांनी अण्णांचा नंबर मागून घेतला आणि बुकिंग करणाऱ्या तरुणानं ॲपवर तीन स्टार दिले.

* * *

तीन स्टार मिळाले म्हणून अण्णांनी गल्लीत पेढे वाटले.

"पाचात तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास."

मी समजावलं की ॲपवर तीन म्हणजे नापास.

"मग पासिंग कितीला?"

"साधारण साडेचारला."

अण्णांनी मनातल्या मनात टक्के काढले. मग म्हणाले, "पाचात साडेचारला पासिंग? असला पेपर काढतंय कोण?"

पुढची भानगड अशी की ॲपवर मालकानंही पाहुण्याला स्टार द्यायचे असतात. अण्णांनी चाळीस वर्षांच्या शिस्तीनं तपासायला घेतलं. कुणालाच दोनच्या वर नाही. पाचपैकी पाच ते दहावीला कुणाला देत नव्हते, तर चादरीवर चहा सांडणाऱ्याला का देतील? एका पाहुण्यानं लिहिलं की आंघोळीला गरम पाणी मिळालं नाही. त्याच्याखाली अण्णांनी सगळ्या जगाला दिसेल असं उत्तर लिहिलं: "पाणी पहाटे पाचपासून तापले होते. आपण साडेनऊला उठलात."

त्यानंतर महिनाभर ॲपवरून एकही बुकिंग आलं नाही. पाडवा जवळ येत होता. अण्णा वरवर हसायचे, पण ग्रुपवर रोज सकाळी टाकायचा सुविचार त्यांनी बंद केला. एरवी त्या सुविचारांना वैतागणारा मी, तो कधी येतोय याची वाट बघायला लागलो.

* * *

अण्णांना धीर दिला तो ग्रुपमधल्याच मंगळवेढ्याच्या सुरेखाकाकूंनी. काकूंच्या शेतात दोन खोल्या आहेत आणि ज्वारी हुरड्यात आली की तिथं माणसांची रीघ लागते. व्यवहाराला काकू एकदम पक्क्या. फॉर्ममध्ये 'पाळीव प्राणी चालतील का' असं विचारलं तेव्हा त्यांनी लिहिलं, "हायेत की. दोन म्हशी."

एकदा पुण्याच्या एका कुटुंबानं ऐन वेळी बुकिंग रद्द केलं. ॲपच्या नियमात ते बसत होतं. पण काकूंनी तोवर कणसं काढून ठेवली होती, आगटी पेटवली होती. ॲपवर भांडायचं तर भांडायचं कुणाशी? काकूंनी हुरडा भाजला, डब्यात भरला, सोबत शेंगाची चटणी बांधली आणि पुण्याच्या एसटीतल्या ओळखीच्या कंडक्टरच्या हातात दिला. पाहुण्यांना मेसेज केला: "तुमाला याया जमलं न्हाय, हुरड्याला थांबाया जमत न्हाय. गाडी चारला पोचंल, डबा घ्या."

पुढच्या शनिवारी ते कुटुंब रिकामा डबा घेऊन हजर. सोबत आणखी दोन कुटुंबं. आता दरवर्षी थेट काकूंनाच फोन करतात.

"अण्णा," काकू म्हणाल्या, "तुमी तुमच्या रीतीनंच करा. उशीर लागंल, पण माणूस टिकंल."

* * *

मग एके दिवशी ॲपवरूनही एक बुकिंग आलं. अण्णा सकाळपासून दारात. पाहुणे आलेच नाहीत. संध्याकाळी वैतागून दार लावलं. दोन दिवसांनी बघतात तर त्याच पाहुण्यांचे पाच स्टार! "इतकं आपलेपण कुठंच मिळालं नाही. आजींच्या हातचं जेवण अप्रतिम."

अण्णांकडं आजी नाहीत.

तपास केला तेव्हा उलगडलं. मॅपवरची खूण एक घर पुढं लागली होती. तिथं नीलम्माआज्जी राहतात. रात्री उशिरा दारात बॅगा घेतलेली माणसं बघून त्यांनी ती स्वामींच्या दर्शनाची म्हणून आत घेतली, पाणी तापवलं, भाकरी वाढली. दोन दिवस ठेवून घेतलं. कोण, कुठले, काही विचारलं नाही. एकदाच गोंधळल्या, त्यांच्यातल्या पोरीनं पासवर्ड मागितला तेव्हा.

"वायफाय अंद्रे येनु?" म्हणजे वायफाय म्हणजे काय, असं त्यांनी कानडीत विचारलं आणि ते काहीतरी खायचंच असणार असं समजून तिला आणखी एक भाकरी वाढली.

अण्णांनी ते पाच स्टार ठेवून घेतले नाहीत. 'हे गुण माझे नाहीत' असं कळवून ते काढून टाकायची ॲपला विनंती केली. तिकडून उत्तर आलं नाही.

* * *

पाडव्याला आठ दिवस राहिले होते. महेश लीजचे कागद घेऊन येणार असं अण्णांनी कळवलं, म्हणून मी सकाळीच अक्कलकोटला गेलो. भांडायला नव्हे, नुसतं शेजारी बसायला. बघतो तर चारही खोल्या भरलेल्या. सगळे फोनवरून आलेले, काही तर त्या बसमधलेच. अण्णा भाजी आणायला गेले होते आणि एका पाहुण्या मावशींनी स्वयंपाकघराचा ताबा घेऊन सगळ्यांचा चहा टाकला होता. अण्णांच्या घरी असंच चालतं.

तेवढ्यात महेश आला. बगलेत फाईल.

मावशींनी त्याला दारातच अडवलं. "खोली पाहिजे का? आज मिळायची नाही हो, सगळं भरलंय. गाडी पुण्याची दिसतेय. पहिल्यांदाच आलात वाटतं?"

महेशनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"असू दे, चहा तरी घ्या. अण्णा येतीलच." त्यांनी त्याच्या हातात कप दिला. "ॲपवर बघून आलात ना? तिथंच चुकतं बघा सगळ्यांचं. अण्णांना सरळ फोन करायचा. काम नसलं तरी करायचा. त्यांना फार बरं वाटतं. आम्ही तर महिन्यातनं दोनदा करतो. थांबा, नंबर देते, लिहून घ्या."

आणि त्या पाठ असलेला नंबर सावकाश सांगायला लागल्या.

महेशनं फाईल खुर्चीवर ठेवली. मोबाईल काढला. आणि दहाच्या दहा आकडे लिहून घेतले.