थेट बोलायचं नाही

बल्लारपूरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक प्रोग्रामर बसतो. वेबसाइटच्या पानानं मूळ सर्व्हरशी थेट बोलू नये, मध्ये प्रॉक्सी, म्हणजे निरोप पोचवणारा मधला सर्व्हर ठेवावा, हा त्याचा नेम. "मधला नको ते गाळून पुढं देते, भाऊ. भानगडच नाई," असं तो कीबोर्डवर फुंकर मारत सांगतो.

सख्ख्या थोरल्या भावाशी त्याचा अबोला. परवा तो थोरला मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमच्या टेबलाशी आला. यानं स्क्रीनवरून नजर न काढता मला म्हटलं, "विचारा त्याले, काऊन आला?"

मी थोरल्याला म्हणालो, "बसा म्हणते."

तो बसला. "सांगा त्याले, नाई आला तरी चालते."

मी याला सांगितलं, "तुयाशिवाय मांडव उभा नाई होत म्हणते."

दोघांत हातभर अंतर होतं आणि दोघांचेही कान शाबूत. तरी दोघांनी माझंच खरं धरलं. पत्रिकाही माझ्याच हातून गेली.