परवाना हातात होता

बाबा मुंबईची गिरणी सोडून कायमचे गावी आले तेव्हा त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. वरच्या कातळावर चिऱ्याचं घर बांधायचं. आमचं गाव रत्नागिरीकडच्या पालीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. आम्ही बौद्ध, आणि आमची वाडी गावाच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या काठावर. पावसात पऱ्या फुगला की पाणी चुलीपर्यंत यायचं. कातळावरचा तुकडा आजोबांच्या नावावर होता. तिथे गवताशिवाय काही उगवायचं नाही, म्हणूनच तो आमच्याकडे राहिला असावा.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी हेदवीच्या बाजूला एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर बाबांनी खाणीवरून चिरे आणून कातळावर रचूनही टाकले होते. परवानगी मिळणारच, अशी त्यांना खात्री होती. ग्रामसेवकाने अर्ज घेतला आणि सांगितलं, "लगतच्या जमीनवाल्याची संमती लागेल."

हे ऐकून बाबा हसलेच. लगतची जमीन त्यांच्या मुंबईतल्या दोस्ताची होती. दोघे एकाच खात्यात कामाला, एकाच खोलीत राहायला. बाबांना कावीळ झाली तेव्हा याच माणसाने त्यांना हाताने भरवलं होतं. तोही आता गावी परतला होता. बाबा मला घेऊन त्याच्या अंगणात गेले. तो पायरीवर बसून म्हणाला, "माझी कसली हरकत रे? ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगतो की."

जानेवारीत शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली. मी रजा काढून आले होते. आमच्या वाडीची माणसं नेहमीप्रमाणे खाली मैदानात बसली. सरपंच बाबांपेक्षा वयाने बराच लहान. त्याने विचारलं, "कुठं बांधतोस?"

"वरच्या कातळावर."

"म्हणजे आमच्या डोक्यावर बसणार तू!"

पडवीभर हशा पिकला. सरपंच दोस्ताकडे वळला. "तुमचं काय म्हणणं?"

तो उभा राहिला. "माझी हरकत हाय. ह्यांचं सांडपाणी माझ्या विहिरीत उतरंल."

बाबांना ते ऐकूनही खरं वाटेना. ते उठून पुढे गेले आणि म्हणाले, "अरे, आपण मुंबईत एका ताटात जेवलो ना?"

दोस्ताची बायको बायकांमध्ये बसली होती, तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दोस्ताचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"खोटं बोलतो हा," तो ओरडला. "मी ह्याच्याबरोबर जेवीन? कुणी बघितलंय?"

बघणारे सगळे मुंबईत होते. बाबा पडवीतून खाली उतरले. घरी येईपर्यंत ते माझ्या पुढेच चालत राहिले. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

अर्ज फेटाळला गेला. बाबांनी रत्नागिरीला जाऊन वर अपील केलं. खेटे घालून घालून शेवटी एका साहेबापुढे उभं राहायला मिळालं. साहेबांनी कागद चाळला, मान वर न करता सही केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. परवाना मिळाला. बाबांनी तो आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने तो उलटसुलट करून पाहिला.

सरपंचाला दाखवला तेव्हा तो गोड हसला. "बांध की. आता कोण अडवतोय तुला?"

खरंच कुणी अडवलं नाही. फक्त गावातला एकही गवंडी आला नाही. बाबांनी संगमेश्वरकडून दोन गवंडी आणले. दोस्ताच्या विहिरीवर पाणी मिळेना, म्हणून मे महिन्याच्या उन्हात आई आणि मी पऱ्यातल्या डबक्यांतून हंडे भरून कातळावर नेत होतो. डोक्यावरची चुंबळ भिजायची आणि तळपाय भाजायचे. पाया खणून झाला. मग एका सकाळी गवंड्यांनी आपलं सामान बांधलेलं दिसलं. त्यातला म्हातारा आईला म्हणाला, "बाय, आमाला दुकानात मीठ पन देत नाय. ऱ्हायाचं कसं?"

पाऊस तोंडावर आला होता. तेव्हा दोस्त आमच्या वाडीत आला, जन्मात पहिल्यांदा. दाराबाहेरच उभा राहिला.

"चिरे नुसते पडून हायत. मला गोठा बांधायचाय. देतोस?"

आई आतून म्हणाली, "पऱ्यात फेकीन, पण ह्याला देणार नाय."

बाबा उठून दाराशी आले. मग म्हणाले, "आत ये. पाणी तरी घे."

"नको. घाई हाय."

"बरं. ने चिरे."

दुसऱ्याच दिवशी बैलगाड्या लागल्या. गोठा आठवडाभरात उभा राहिला. गवंडी गावातलेच होते. परवानगीचं कुणी विचारलंही नाही. दोस्ताच्या म्हशी त्यात सुखाने नांदल्या.

पुढच्या वर्षी मी आईबाबांना माझ्या नोकरीच्या गावी नेलं. भाड्याच्या खोलीत बाबा आणखी काही वर्षं जगले. संध्याकाळी शेजाऱ्यांना मुंबईच्या गमती सांगत बसायचे. त्यात तो माणूस यायचाच, आणि बाबा त्याला "माझा दोस्त" म्हणायचे.

आई भांडी आपटायची. "अजून दोस्त कसला?"

बाबा शांतपणे म्हणायचे, "तिथं होता ना."